गूगलला मराठी कशी दिसू लागली

कृतिदेव हा फॉन्ट लावून ‘मराठी’ असं टाइप केलं की पडद्यावर ‘मराठी’च दिसतं. फाइलच्या पोटात मात्र रोमन लिपीतली पाच अक्षरं साठवलेली असतात: ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट काढला की ती उघडी पडतात. डीटीपीवाल्याकडून लग्नपत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर घरी आणून ज्यांनी तो आपल्या कॉम्प्युटरवर उघडला असेल, त्यांनी हा प्रकार पाहिलेला आहे. नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी पासवर्डसारखं काहीतरी दिसतं.

माणसाला याचा त्रास फॉन्ट नसतानाच होतो. सर्च इंजिनला तो कायमचा होतो, कारण सर्च इंजिन पडदा बघत नाही, फाइलमधले आकडे वाचतं. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा बहुतेकांनी छपाईसाठी तयार केलेला मजकूर त्याच्या फॉन्टसकट उचलून वेबवर ठेवला. पहिल्याच पानावर ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे. तेवढं केलं की पेपर वाचता येई. गूगलच्या लेखी मात्र त्या पानांवर मराठीचं एक अक्षरही नव्हतं. ‘पनवेल’ असं देवनागरीत शोधलं, तर पनवेलच्या बातम्यांनी भरलेलं पानसुद्धा समोर येणं शक्य नव्हतं.

मी पनवेलला राहतो आणि नवी मुंबईतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वेबसाइट सर्च इंजिनला नीट वाचता याव्यात, यासाठी लागणारं तांत्रिक काम आमची टीम करते. आमच्या धंद्यात एक वाक्य सतत कानावर पडतं: वर यायचं असेल तर ब्लॉग लिहा. क्लायंट दातांचा डॉक्टर असो की बोअरवेलवाला, सल्ला हाच. ते ऐकून ऐकून मला वेगळाच प्रश्न पडला. अख्खी मराठी भाषाच एकेकाळी सर्चमध्ये दिसत नव्हती आणि नंतर दिसू लागली, तर ते काम कुणी केलं? कुणाच्या सल्ल्याने? तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जुनी पानं उकरायचा नाद लागला आहे.

गोंधळाचं मूळ छपाईत आहे. १९८०-९०च्या दशकात कॉम्प्युटरवर मराठी आली ती मुख्यतः छापण्यासाठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळुरूचं आकृती, पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकची उत्पादनं, सगळ्यांनी डीटीपीचा बाजार भरून टाकला. प्रत्येकाचा अक्षरं ठेवण्याचा तक्ता वेगळा. एकाने ‘क’ जिथे ठेवला तिथे दुसऱ्याकडे अर्धा ‘ष’ निघायचा. छापखान्याला त्याचं काही नव्हतं. कागदावर ‘क’ उमटला की काम झालं. शिवाय फॉन्ट विकणाऱ्याच्या दृष्टीने हे बरंच होतं, कारण एकदा एका तक्त्यात दहा वर्षांचा मजकूर अडकला की गिऱ्हाईक कुठे जाणार?

एकच तक्ता असावा हा विचार नव्हता असं नाही. ‘इस्की’ हे भारतीय लिपींचं प्रमाणीकरण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मंजूर झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या मसुद्यावरून घेतली. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. ‘क’चा क्रमांक जगभर एकच ठरला. पण क्रमांक ठरणं वेगळं आणि तो समोरच्या कॉम्प्युटरला कळणं वेगळं. सामान्य माणसाच्या विंडोजवर देवनागरी युनिकोड नीट दिसायला २००० साल उजाडलं. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो केला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात शिकवणारा हा माणूस शाई-बोरूतून थेट पिक्सेलमध्ये उतरला होता. आज मंगल जरा जाडाभरडा वाटतो. पण त्या काळात मराठी ब्लॉग वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तो याच अक्षरांत वाचला आहे.

सोय झाली तरी वापर झाला नव्हता. मे २००६ मध्ये एडिनबरोला भरलेल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत हैदराबादच्या ट्रिपल-आयटीतल्या संशोधकांनी ‘वेबखोज’ नावाच्या भारतीय भाषांच्या सर्च इंजिनवर निबंध सादर केला. वेगवेगळ्या फॉन्टांतली पानं ओळखून त्यांचं एका संकेतात रूपांतर करायचं आणि मग शोधायचं, अशी ती कल्पना. निबंधाच्या सुरुवातीलाच म्हटलं आहे की वेबवरचा भारतीय भाषांतला ९५ टक्क्यांहून अधिक मजकूर संकेतांच्या या गोंधळामुळे शोधता येत नाही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दोनदा बघितला. शंभरातली पंच्याण्णव पानं असून नसल्यासारखी.

उरलेली पाच कुणाची होती, तिथे खरी गोष्ट सुरू होते.

ती बऱ्याच अंशी हौशी लोकांची होती. ‘मायबोली’ अमेरिकेतून १९९६ मध्ये सुरू झाली होती, पण तेव्हा युनिकोड हाताशी नव्हतं आणि तिथे देवनागरीसाठी वेगळ्या युक्त्या कराव्या लागत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. २००४ मध्ये ‘मनोगत’ आलं आणि तिथे ब्राउझरच्या खिडकीतच थेट देवनागरीत लिहिता येऊ लागलं. त्याआधी मराठीत चार ओळी लिहायच्या तर विंडोज एक्सपीची सीडी शोधा, रीजनल सेटिंगमध्ये जा, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’पुढे टिक करा, मशीन पुन्हा चालू करा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी बिचारी अक्षराला सोडून एकटीच गोल ठिपक्यांवर उभी राहायची. ‘बरहा’, ओंकार जोशी यांचं ‘गमभन’ अशी साधनंही लोकांच्या हाताशी आली. २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ सुरू झाले. यातल्या कुणालाही सर्चमध्ये वर यायचं नव्हतं. त्यांना एकमेकांशी मराठीत बोलायचं होतं. कुणी सॅन होजेच्या क्युबिकलमध्ये बसून पुरणपोळीचा फसलेला प्रयोग लिहित होतं, कुणी पुण्यात रात्रपाळीच्या सपोर्टमध्ये दोन तिकिटांच्या मधल्या वेळात कविता.

याच सुमारास ब्लॉगही फुटले. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ची. फेब्रुवारी २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली. फुकट, जाहिरातीची सक्ती नाही, युनिकोड चालतं. मराठी ब्लॉगांची यादी ठेवणारं ‘मराठी ब्लॉग विश्व’ उभं राहिलं. कुणी नवं काही लिहिलं की तिथे त्याची ओळ झळकायची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली होती, त्या जातीचं हे काम. फक्त दर तासाला बदलणारं.

आता थोडं तांत्रिक. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेली गूगलची मूळ कल्पना अशी, की एखाद्या पानाकडे किती आणि कशा पानांनी बोट दाखवलं आहे त्यावरून त्या पानाची पत ठरवायची. शोधनिबंधात एकमेकांचे संदर्भ देतात, त्यावरून सुचलेली ही गोष्ट. आज आमच्या धंद्यात बाहेरून असे दुवे मिळवणं हे वेगळं, महागडं काम आहे. त्यासाठी मेल लिहावे लागतात, ओळखी काढाव्या लागतात, कधी पैसे मोजले जातात. मराठी ब्लॉगवाल्यांनी तेच खेळता खेळता केलं. त्यांच्याकडे ‘खो’ देण्याचा प्रकार होता. एकाने एखाद्या विषयावर लिहायचं, शेवटी चार-पाच जणांना नावं घेऊन खो द्यायचा, त्यांनी आपापल्या ब्लॉगवर लिहून पुढे खो द्यायचा. प्रत्येक नावाखाली दुवा. शिवाय प्रत्येकाच्या ब्लॉगच्या कडेला ‘मी हे वाचतो’ अशी यादी. महिन्याभरात पन्नास ब्लॉग एकमेकांना असे घट्ट विणले जायचे की गूगलचा क्रॉलर एका टोकाने शिरला की सगळ्या अंगणांतून फिरून बाहेर पडायचा. मैदानावरच्या खेळाचं नाव वेबच्या गणिताला इतकं चपखल बसेल असं खो देणाऱ्यांपैकी कुणाच्या मनातही नसणार.

उलट, सर्चच्या बाबतीत हे लोक किती बेफिकीर होते याचा पुरावा त्यांच्या पत्त्यांतच आहे. ब्लॉगरवर इंग्रजी शीर्षक दिलं की पानाच्या पत्त्यात ते शब्द येत. शीर्षक देवनागरीत दिलं तर ब्लॉगरला काही सुचत नसे आणि तो पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ लिहून पुढे एक आकडा चिकटवून द्यायचा. एसईओच्या कुठल्याही प्राथमिक पाठात हा गुन्हा आहे. जुन्या मराठी ब्लॉगांवर अशी पानंच्या पानं आहेत: ब्लॉग-पोस्ट तेवीस, ब्लॉग-पोस्ट पंचावन्न. इंजिनिअरिंगला असताना प्रबळगडाची वाट शोधताना मी अशाच एका आकड्यावर पोचलो होतो. लिहिणाऱ्याने वाट सांगितली होतीच, पण मधल्या वाडीत कुणाच्या अंगणात ताक मिळतं आणि कुत्रा कुठल्या वळणावर अंगावर येतो हेही सांगितलं होतं. कुत्र्याची माहिती अचूक निघाली. मी गेलो तेव्हा त्याच वळणावर बहुधा त्याचा मुलगा होता.

२००८ मध्ये ब्लॉगांवरच्या निवडक लेखनाचा ‘रेषेवरची अक्षरे’ हा दिवाळी अंक निघाला. स्टार माझा वाहिनीने ‘ब्लॉग माझा’ स्पर्धा घेतली. हळूहळू मोठी दैनिकंही युनिकोडवर आली. तोवर मराठी सर्चच्या निकालांत आधीपासून ठाण मांडून बसलेले होते ते हे हौशे-नवशे.

हे सगळं फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ऑफिसात किंवा घरी कॉम्प्युटर, दिवसभर इंटरनेट आणि लिहायला उसंत, हे तेव्हा ज्यांच्याकडे होतं त्यांचीच मराठी गूगलला आधी दिसली. ती बहुतांशी पुण्या-मुंबईची आणि परदेशातली, शिकलेल्या घरांतली मराठी होती. पनवेल-उरणच्या पट्ट्यात बोलली जाणारी आगरी त्या पाच टक्क्यांत शोधायला गेलं तर हाती फार काही लागत नाही. आजही आगरीत शोध घेताना कुठलं स्पेलिंग धरायचं हाच प्रश्न पडतो, कारण एकच शब्द तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात.

प्रमाण मराठीतही हा घोळ आहे, आणि तो शुद्धलेखनाचा नाही. ‘ॲप’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र काढत, किंवा हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरत. तिन्ही आजही वेबवर आहेत. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ‘र’ तर त्याहून फसवा. तो दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. ही दोन रूपं एकच आहेत हे सर्चच्या प्रोग्रॅमला कुणीतरी मुद्दाम शिकवावं लागतं. छोट्या वेबसाइटच्या आतल्या शोधाच्या खिडकीत ते शिकवायचं हमखास राहतं. एखाद्या मराठी साइटवर ‘ऱ्या’ असलेला शब्द शोधून ‘काही सापडले नाही’ असं उत्तर आलं, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

ब्लॉग ओसरले त्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लोक फेसबुकवर गेले. तिथे लगेच शंभर लाइक मिळत, खो द्यायची गरज नव्हती. पण फेसबुकवरचं बहुतेक लेखन सर्चच्या बाहेर असतं. व्हॉट्सॲपवरचं तर पूर्णच. म्हणजे ज्या मराठीने धडपडून स्वतःला शोधण्याजोगं केलं, ती पुन्हा बंद दाराआड गेली, आणि या वेळी फॉन्टचा दोष नव्हता. मधल्या काळात याहू जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. तिथे कुणी कुणी काय लिहून ठेवलं होतं देव जाणे.

त्या मोकळ्या जागेत नवी वस्ती झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलला मराठीत बोलून शोधता येऊ लागलं. आणि २०१८ मध्ये गूगलच्या ॲडसेन्सने मराठी पानांवर जाहिराती द्यायला सुरुवात केली. हिंदीला ती सोय डिसेंबर २०१४ पासून होती. मराठी पान कुणी उघडलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळू शकतात, ही गोष्ट नवीन होती. लोक फोनवर रोमन लिपीत ‘अमुक इन्फर्मेशन इन मराठी’ असं शोधतात, हे पोरांनी बरोबर हेरलं. मग वाघ माहिती मराठी, आंबा माहिती मराठी, माझी आई निबंध मराठी, अशी पानं उगवू लागली. शीर्षकात उभी रेघ, रेघेच्या पलीकडे तेच इंग्रजीत. सुरुवात ठरलेली: नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहणार आहोत.

कर्जतकडच्या माझ्या एका मित्राची अशी साइट होती. ॲडसेन्सच्या खात्यात दहा डॉलर जमले की गूगल पत्ता तपासण्यासाठी एक पिन नंबर टपालाने पाठवतं. ते पत्र पोस्टमन घेऊन आला तेव्हा त्याच्या वडिलांना वाटलं कोर्टाची नोटीस. पुढे शंभर डॉलर पूर्ण झाले आणि पहिले पैसे आले, त्यातून त्याने कॉलेजची फी भरली. मराठीत लिहून, स्वतःच्या गावात बसून. ही पानं पाहून नाक मुरडणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. चाळीस वर्षं कथा लिहून अनेकांना मराठीत तेवढे मिळाले नसतील.

पण मजकुराचं काय झालं, हेही बघायला हवं. मी आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊन पाहिलं. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ला शिरढोणचा. गाव पनवेलजवळच, गोव्याच्या हायवेवर. त्यांचं नाव आणि पुढे ‘माहिती मराठी’ असं शोधून जी पानं आली ती एकापाठोपाठ एक वाचली. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, मधे शब्द इकडचे तिकडे केलेले. बंडाच्या शेवटी-शेवटी, मे १८७९ मध्ये, त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले. परत घाटावर जाताना इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. हे वाक्य बऱ्याच पानांवर आहे. पण मी वाचली त्यांतल्या एकाही पानाला हे माहीत असल्याचं दिसलं नाही, की हे पळस्पे म्हणजे आपला पळस्पे फाटा. जिथे आज मुंबई-गोवा हायवे सुरू होतो आणि गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या तासन् तास खोळंबतात. फडके स्वतःच्याच गावाच्या वाटेवर आपली माणसं धाडत होते, हे कुणाला जाणवलेलं नाही. जाणवायला लिहिणारा त्या रस्त्याने एकदा गेलेला हवा, किंवा निदान कुतूहलाने नकाशा उघडणारा हवा. हे शोधायचं तर १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर चाळावं लागतं, कारण तेव्हा पनवेल ठाण्यात होतं. दर पानामागे काही पैसे मिळणारा मुलगा ते का करील? त्याच्या समोर वाचक नसतो, शोधशब्दांची यादी असते. किती लोक महिन्याला काय शोधतात त्याचे आकडे असतात. ‘पळस्पे १८७९’ कुणीच शोधत नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही, आणि लिहिलेलं नसल्यामुळे ते शोधावं असं कुणाला सुचत नाही.

नुसतं ‘पनवेल’ शोधलं की काय येतं ते सांगायलाच नको. विमानतळ जाहीर झाल्यापासून फ्लॅट आणि प्लॉट.

आमच्या ऑफिसात ‘ब्लॉग लिहा’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ हा दुसऱ्या प्रकारचा ब्लॉग असतो. मी वाद घालत नाही. बोअरवेलवाल्याला गिऱ्हाईक हवं असतं आणि ते त्याला मिळतं. मात्र मराठीला सर्चमध्ये आणलं ते या पद्धतीने नाही, एवढं जुनी पानं वाचून मला स्पष्ट झालं आहे. आता तर शोध घेतला की सर्वांत वर तयार उत्तरच येतं, खालची पानं उघडायची गरजही उरत नाही. ते उत्तर वेबवर जे सापडतं त्यातूनच शिवलेलं असतं. त्यात प्रबळगडाच्या वाटेवरचा कुत्रा मला अजून भेटलेला नाही.

जुन्या ब्लॉगांच्या कडेला ज्या याद्या होत्या, त्यातले दुवे मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून तपासतोय. एकामागून एक ४०४. कधी पत्ता जिवंत असतो, पण आत कुणीतरी औषधांचं दुकान थाटलेलं असतं. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बरंच काही शिल्लक आहे, त्यात युनिकोडपूर्व काळातली पानंही आहेत. ती उघडली की पहिल्या परिच्छेदातल्यासारखी रोमन भुतं दिसतात. कृतिदेवचा तक्ता करून झाला. सगळ्यात जास्त वेळ ऱ्हस्व वेलांटीने खाल्ला: जुन्या फॉन्टांत ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. पुढे जोडाक्षर असलं तर नेमकी कितव्या अक्षरानंतर हलवायची ते दर वेळी बघावं लागतं. रफारही तसाच, फक्त उलट दिशेने. शिवाजी फॉन्टचा तक्ता निम्मा झालाय. त्यातली एक जुनी प्रवासवर्णनाची वही सध्या उलगडतेय. तिसऱ्या पानापर्यंत आलोय, लेखक अजून खोपोलीलाच आहे.